गोबीतील काडेपेटीएवढ्या कवट्या : झोफिया कीलान-यावोरोव्स्का यांचा जीवाश्मशोध

(१)
९ जुलै १९६५. मंगोलियाच्या गोबी वाळवंटातील आल्तान उला हा उजाड डोंगर. तेथील एका टेकाडावर एका पोलिश संशोधिकेला वालुकाश्मातून डोकावणारी हाडे दिसली. उत्खनन झाले तेव्हा हाती लागले दोन प्रचंड बाहू. प्रत्येकाची लांबी सुमारे २.४ मीटर! धिप्पाड माणसाने हात वर करून उभे राहावे तेवढी. उरलेला सांगाडा मात्र जवळजवळ नाहीसा झालेला.

(२)
त्या प्राण्याला पुढे 'डायनोकायरस', म्हणजे 'भयंकर हात', असे नाव मिळाले. हे हात नेमके कशा देहाचे, हे कळायला जगाला जवळजवळ अर्धे शतक वाट पाहावी लागली.
ज्यांना ते सापडले त्या विदुषींचे नाव झोफिया कीलान-यावोरोव्स्का. मौज अशी, की त्या ज्या गोष्टीचा ध्यास घेऊन गोबीत आल्या होत्या, ती काडेपेटीत सहज मावली असती. आजचा हा धागा त्या ध्यासाविषयी.

(३)
झोफिया यांचा जन्म २५ एप्रिल १९२५ रोजी पोलंडमध्ये झाला. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन सैन्य पोलंडमध्ये घुसले तेव्हा त्या अवघ्या चौदा वर्षांच्या होत्या. नाझी राजवटीने पोलिश जनतेचे उच्च शिक्षण बंद केले. प्राध्यापकांनी मग घराघरांतून गुप्त वर्ग चालवले, आणि पकडले जाण्याची भीती असूनही विद्यार्थी त्या वर्गांना जात राहिले. झोफिया त्यांपैकीच एक. त्यांच्या कुटुंबाने याच काळात ज्यू मुलीला घरात आसरा दिला होता. व्याप्त पोलंडमध्ये या 'गुन्ह्या'ला मृत्युदंड होता.

(४)
कोल्हापूरच्या वाचकांना हा काळ अगदीच परका वाटू नये. १९४३ ते १९४८ या वर्षांत वळिवडे येथील छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती.
झोफिया मात्र वॉर्सातच होत्या. ऑगस्ट १९४४ मध्ये शहराने नाझींविरुद्ध उठाव केला, तेव्हा एकोणीस वर्षांच्या या तरुणीने जखमींची शुश्रूषा करण्याचे काम पत्करले. उठाव ६३ दिवस चालला आणि चिरडला गेला. त्यानंतर नाझींनी वॉर्सा पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केले.

(५)
युद्ध संपले. विद्यापीठ पुन्हा सुरू झाले, पण बसायला इमारत कुठे होती? ज्येष्ठ पुराजीवशास्त्रज्ञ रोमान कोझ्लोव्स्की यांची व्याख्याने त्यांच्या राहत्या घरी होत. प्राणिशास्त्र शिकणाऱ्या झोफिया तेथे जाऊ लागल्या आणि जीवाश्मांच्या जगाने त्यांना जे धरले, ते आयुष्यभर सोडले नाही.
ज्या पिढीने आपले शहर ढिगाऱ्यात पाहिले होते, त्या पिढीतील एक मुलगी आता कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या ढिगाऱ्यांतून जीवनाचे अवशेष वेचायला शिकत होती.

(६)
आरंभीची अनेक वर्षे त्यांनी डायनासोरच्या वाटेला जाऊन पाहिले नाही. मध्य पोलंडमध्ये 'पवित्र क्रूस' या अर्थाच्या नावाची एक जुनी डोंगररांग आहे. तेथील खडकांतून त्यांनी ट्रायलोबाइट हे समुद्री संधिपाद गोळा केले. पुढे सागरी कृमींच्या सूक्ष्म जबड्यांचा अभ्यास केला. ही कामे भिंगाखाली करायची, दिवसाकाठी तसूभर पुढे सरकणारी. याच कामांनी त्यांच्या नजरेला बारकाव्याची सवय लावली.
साठच्या दशकाच्या आरंभी त्या पोलिश विज्ञान अकादमीच्या पुराजीवशास्त्र संस्थेच्या संचालक झाल्या. १९८२ पर्यंत हे पद त्यांच्याकडे होते.

(७)
आता गोबीकडे वळू. १९२२ ते १९३० या काळात अमेरिकेच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या नेतृत्वाखाली मध्य आशियात मोहिमा काढल्या. त्यांना शोध होता मानवाच्या उगमाचा. सापडले मात्र डायनासोर! बायान झाग येथील कडे सूर्यास्ताच्या वेळी असे तांबूस पेटतात, की अमेरिकनांनी त्यांना 'ज्वालाकडे' असेच नाव दिले. १९२३ मध्ये तेथे डायनासोरची अंडी मिळाली आणि ती जगभर गाजली.

(८)
त्या गाजावाजात एका लहानशा वस्तूकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मोहिमेतील वॉल्टर ग्रेंजर यांनी त्याच कड्यांपाशी एक इवलीशी कवटी उचलली होती आणि 'अनोळखी सरपटणारा प्राणी' अशी नोंद करून न्यूयॉर्कला धाडली होती. तेथे दगड साफ करून पाहिले तर ती कवटी सस्तन प्राण्याची निघाली. डायनासोरच्या काळातील सस्तन प्राण्याची! निरोप मिळताच ग्रेंजर १९२५ मध्ये पुन्हा कामाला लागले आणि आणखी काही कवट्या मिळाल्या. पुढे राजकीय परिस्थितीने अमेरिकनांना मंगोलियाची दारे बंद झाली.

(९)
या मूठभर कवट्यांना एवढे मोल का?
सस्तन प्राण्यांचा इतिहास सुमारे २२ कोटी वर्षांचा. मोठे डायनासोर नाहीसे झाले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. म्हणजे आपल्या पूर्वजकुळाने आपल्या इतिहासाचा दोन-तृतीयांशाहून अधिक काळ डायनासोरच्या सावलीत काढला. हत्ती, वटवाघूळ, देवमासा, माणूस ही सारी विविधता उरलेल्या एका भागात अवतरली.
आणि त्या पहिल्या दोन भागांबद्दल पुरावा काय होता? बहुतांशी सुटे दात आणि जबड्यांचे तुकडे. आख्ख्या कवट्या अतिशय दुर्मीळ. ग्रंथाची पहिली दोन-तृतीयांश पाने फाटलेली असावीत, तशी ही अवस्था होती.

(१०)
१९४६ ते १९४९ दरम्यान इवान येफ्रेमोव्ह यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत मोहिमा गोबीत गेल्या. नेमेग्त खोऱ्यातून त्यांनी डायनासोरचे अवाढव्य सांगाडे आणले. परंतु त्या मोहिमांचा भर महाकाय प्राण्यांवर होता.
शीतयुद्धाच्या त्या काळात पाश्चात्त्य संशोधकांना मंगोलियात प्रवेश जवळजवळ अशक्य होता. पोलंड मात्र समाजवादी गटात होता. दोन्ही देशांच्या विज्ञान अकादमींमध्ये सहकार्याचा करार झाला. जगाने ज्याला पोलादी पडदा म्हटले, त्याच्या आतल्या बाजूस असण्याचा हा एक अनपेक्षित लाभ! झोफिया यांनी ही संधी अचूक हेरली.

(११)
१९६३ मध्ये पाहणी पथक गेले. त्यानंतर १९७१ पर्यंत पोलिश-मंगोलियन मोहिमांची मालिका चालली. तिच्या सूत्रधार झोफिया होत्या. एवढ्या मोठ्या जीवाश्म मोहिमेची धुरा स्त्रीने वाहावी, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती.
मोहीम म्हणजे केवळ कुदळ-फावडे नव्हे. तंबू, धान्य, डबाबंद अन्न, इंधन, पाण्याची पिंपे, प्लास्टर, लाकूड, सुटे भाग असे सगळे वॉर्सात जमवायचे, रेल्वेने उलानबातरला पोहोचवायचे, आणि तेथून पोलिश बनावटीच्या 'स्टार' ट्रकांतून रस्ता नसलेल्या वाळवंटात न्यायचे. विसरलेला एक खिळाही शेकडो किलोमीटरच्या टापूत मिळण्याची आशा नाही. शिवाय उन्हाळ्यातील रखरखाट, पाण्याची टंचाई आणि तंबू उखडून टाकणारी वादळे होतीच.

(१२)
१९६५ च्या मोहिमेत डायनोकायरसच्या बाहूंखेरीज आणखी एक मोठे घबाड मिळाले. लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांपैकी एकाचा सांगाडा, मान आणि डोके वगळता जवळजवळ संपूर्ण. तेथवर ट्रक जात नव्हता. खडकासह हाडांचे ठोकळे सुटे करून, प्लास्टरमध्ये बांधून, ते ओढत न्यावे लागले. पेट्यांत भरलेल्या या एका प्राण्याचे वजन सुमारे १२ टन भरले.
वर्तमानपत्रांना अशा बातम्या हव्या असतात, आणि मोहिमेला पैसा मिळत राहायचा तर अशा बातम्या लागतातही. झोफिया हे ओळखून होत्या.

(१३)
त्यांचे स्वतःचे मन मात्र बायान झागच्या तांबड्या वाळूत होते. तेथील पद्धत अगदी निराळी. येथे कुदळीला काम नाही. वालुकाश्माची झीज होऊन त्यातून लहान लहान गोटे सुटून पडतात. गुडघ्यांवर आणि तळहातांवर रांगत, डोळे जमिनीला लावून, असे हजारो गोटे एकेक करून पाहायचे. एखाद्यावर मोहरीएवढा दात चमकला, तर आत कवटी असण्याची शक्यता! बहुतेक दिवशी हाती काहीच लागत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच उतारावर रांगायचे, कारण कालच्या वाऱ्याने कदाचित नवा गोटा उघडा पडला असेल.

(१४)
या रांगण्याचे फळ काय मिळाले? डायनासोर युगाच्या अखेरच्या पर्वातील, म्हणजे उत्तर क्रिटेशस काळातील, सस्तन प्राण्यांचे शंभराहून अधिक नमुने. त्यांत कवट्या होत्या आणि काही बाबतींत कवटीबरोबर बाकीचा सांगाडाही. जगात तोवर अशा प्राण्यांचा एवढा समृद्ध संग्रह कोणाकडेही नव्हता. जेथे पूर्वी दातांवरून तर्क करावे लागत, तेथे आता मेंदूची पोकळी, कानाची हाडे, खांदे आणि पाय समोर आले.

(१५)
झोफिया यांनी या चिमुकल्या जीवांना दिलेली नावे पाहा : क्रिप्टोबातर, कॅम्पटोबातर, नेमेग्तबातर, चुलसानबातर. मंगोल भाषेत 'बातर' म्हणजे वीर. उलानबातर म्हणजे 'लाल वीर'.
आपण मराठीत 'बहाद्दर' म्हणतो तो शब्द याच कुळातला. मध्य आशियातील तुर्की-मंगोल 'बगातूर' फारसीतून आपल्याकडे आला आणि बहादूर, बहाद्दर झाला. डायनासोरच्या पायांखाली कोट्यवधी वर्षे तग धरणाऱ्या उंदराएवढ्या प्राण्याला 'बहाद्दर' म्हणणे किती समर्पक!

(१६)
या 'बहाद्दरां'चा गट म्हणजे मल्टीट्युबरक्युलेट. दाढांवर लहान उंचवट्यांच्या रांगा असलेले, दिसायला उंदरासारखे, पण उंदरांशी जवळचे नाते नसलेले प्राणी. हे कूळ दहा कोटींहून अधिक वर्षे पृथ्वीवर नांदले आणि मग समूळ नाहीसे झाले. आज त्यांचा एकही वंशज नाही.
त्यांच्या जोडीने झालाम्बडालेस्टीस, केन्नालेस्टीस यांसारखे प्राणीही गोबीत सापडले. अपरायुक्त सस्तन प्राण्यांच्या, म्हणजे माणूस ज्या शाखेत येतो तिच्या, आरंभीच्या इतिहासासाठी हे नमुने मोलाचे ठरले.

(१७)
३ ऑगस्ट १९७१. तुग्रिकीन शिरे येथे मोहिमेला असा जीवाश्म मिळाला, ज्याचे छायाचित्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. व्हेलोसिराप्टर आणि प्रोटोसेराटॉप्स, दोघेही एकमेकांत गुंतलेले. एकाच्या पायाची धारदार नखी दुसऱ्याच्या गळ्यापाशी, आणि दुसऱ्याच्या चोचीसारख्या जबड्यात पहिल्याचा हात. झुंज निकाली निघण्याआधीच दोघेही वाळूखाली गाडले गेले असावेत. वाळूची दरड कोसळली की वादळ आले, यावर मतभेद आहेत. हा नमुना आज मंगोलियाचा राष्ट्रीय ठेवा मानला जातो.

(१८)
मोहिमांचे आणखी एक वैशिष्ट्य. येथील डायनासोरांचे शास्त्रीय वर्णन करणाऱ्यांत स्त्रिया आघाडीवर होत्या. हाल्श्का ओस्मुल्स्का आणि एवा रोनिएविच यांनी १९७० मध्ये डायनोकायरसचे नामकरण केले. शहामृगासारख्या गॅलिमिमसचे वर्णन १९७२ मध्ये याच दोघींनी मंगोलियन शास्त्रज्ञ रिंचेन बार्सबोल्ड यांच्यासह केले. 'जुरासिक पार्क' चित्रपटात कळपाने धावतात ते हेच प्राणी. तेरेसा मारियान्स्का यांनी ओस्मुल्स्का यांच्यासह जाड कवटीच्या डायनासोरांचा अभ्यास केला.
संचालकांनी सगळे श्रेय स्वतःकडे ओढले नाही. डायनासोर सहकाऱ्यांकडे सोपवले आणि स्वतःसाठी काडेपेटीतला खजिना ठेवला.

(१९)
१९७१ नंतर मोहिमा थांबल्या. खरा शोध तर आता सुरू व्हायचा होता! पुढची चाळीस वर्षे झोफिया यांनी याच कवट्यांना प्रश्न विचारण्यात घालवली.
उदाहरणार्थ, मल्टीट्युबरक्युलेट अंडी घालत होते की पिलांना जन्म देत होते? मऊ अवयव तर कधीच नष्ट झालेले. १९७९ मध्ये झोफिया यांनी क्रिप्टोबातरच्या कटिभागाची हाडे तपासून उत्तर सुचवले. ती हाडे खाली एकमेकांना जुळून इतकी अरुंद झाली होती, की त्या वाटेने अंडे बाहेर येणे शक्यच नव्हते. म्हणजे हे प्राणी कांगारूप्रमाणे अगदी इवल्या, अपक्व पिलांना जन्म देत असावेत. साडेसात कोटी वर्षांपूर्वीचे बाळंतपण एका हाडाच्या आकारावरून उलगडले!

(२०)
काही प्रश्नांची किंमत जबर होती. कवटीच्या आतील रक्तवाहिन्यांचे मार्ग पाहायचे, तर ती कापावी लागे. आजच्यासारखी सूक्ष्म क्ष-किरण चित्रणाची सोय तेव्हा हाताशी नव्हती. वाळवंटात रांगून मिळवलेली दुर्मीळ कवटी पातळ कापांत बदलायची, म्हणजे ती कायमची गमवायची. त्यांनी तो निर्णय घेतला. एकेक काप नोंदवून, ब्रिटिश व फ्रेंच सहकाऱ्यांसह १९८६ मध्ये त्यांनी या प्राण्यांच्या मस्तकातील रक्तवाहिन्यांची रचना मांडली. वस्तू गेली, पण तिच्यातले ज्ञान सर्वांचे झाले.

(२१)
त्यांचे सारेच निष्कर्ष निर्विवाद ठरले असे नाही. हे प्राणी पाय बाजूला फाकवून चालत, असे त्यांनी रशियन शास्त्रज्ञ पेत्र गाम्बारियान यांच्यासह १९९४ मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी अमेरिकन संशोधकांनी खांद्याच्या हाडांच्या आधारे वेगळे मत दिले : पुढचे पाय बरेचसे शरीराखाली असत. वाद रंगला. परंतु हा वाद होऊ शकला, कारण आता वाद घालण्यासाठी सांगाडे उपलब्ध होते. पन्नास वर्षांपूर्वी तेवढीही सामग्री नव्हती.

(२२)
१९७९ मध्ये दोन अमेरिकन सहकाऱ्यांसह त्यांनी मध्यजीव महाकल्पातील सस्तन प्राण्यांवर ग्रंथ संपादित केला. त्याच्या उपशीर्षकाचा अर्थच होता 'सस्तन प्राण्यांच्या इतिहासाचे पहिले दोन-तृतीयांश'. फाटलेली पाने आता शीर्षकावर आली होती!
त्यानंतर त्यांनी काही काळ पॅरिसमध्ये काम केले. १९८७ ते १९९५ त्या ओस्लो विद्यापीठात प्राध्यापक होत्या. मग त्या पोलंडला परतल्या. २००४ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, रिचर्ड सिफेली आणि झे-शी लुओ यांच्यासह त्यांनी डायनासोर युगातील सस्तन प्राण्यांवर सहाशेहून अधिक पानांचा महाग्रंथ सिद्ध केला. आजही या विषयाचा अभ्यासक त्यापासूनच आरंभ करतो.

(२३)
आणि त्या भयंकर हातांचे काय झाले?
कोरियन शास्त्रज्ञ युओंग-नाम ली यांच्या पथकाला २००६ आणि २००९ मध्ये गोबीत डायनोकायरसचे आणखी दोन सांगाडे मिळाले. पण त्यांतील एकाची कवटी आणि पाय जीवाश्मचोरांनी आधीच पळवले होते. ते युरोपातील खाजगी संग्रहात पोहोचले होते. सुदैवाने ते ओळखले गेले आणि २०१४ मध्ये मंगोलियाला परत मिळाले.
त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पूर्ण प्राणी जगासमोर आला. सुमारे ११ मीटर लांब, पाठीवर उंच शिडासारखा उंचवटा, बदकासारखे चपटे तोंड आणि पोटात माशांचे अवशेष. ज्या हातांनी भयंकर शिकाऱ्याची कल्पना करायला लावली, ते एका संथ, मिश्राहारी, काहीशा विचित्र देहाचे निघाले.

(२४)
झोफिया तेव्हा एकोणनव्वद वर्षांच्या होत्या. एकोणपन्नास वर्षांपूर्वी आपल्या डोळ्यांना दिसलेल्या हाडांचे कोडे सुटलेले त्यांच्या हयातीत जगाने पाहिले. १३ मार्च २०१५ रोजी त्यांचे निधन झाले.
जीवाश्मचोराने पैशासाठी सांगाड्याचे तुकडे केले. झोफिया यांनी ज्ञानासाठी कवटीचे काप केले. दोघांनीही वस्तू मोडली, पण एकाच्या हातून माहिती हरवली आणि दुसरीच्या हातून ती सापडली. हाड कोठे, कोणत्या थरात, कशाशेजारी मिळाले याची नोंद नसेल, तर जीवाश्म ही नुसती शोभेची वस्तू उरते.

(२५)
जाता जाता आपल्या दख्खनविषयी. झोफिया यांनी ज्या काळातील सस्तन प्राणी गोबीत शोधले, त्याच काळाच्या अगदी अखेरीस आपल्याकडे लाव्हाचे थर साचत होते. सह्याद्रीचे काळे कातळ त्यांतूनच घडले. दोन उद्रेकांच्या मधल्या विश्रांतीत साचलेल्या गाळात, तेलंगणातील नस्कल येथे, जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांना इवले दात सापडले. १९८८ मध्ये त्यांनी भारतातील पहिला क्रिटेशस सस्तन प्राणी जाहीर केला : डेक्कनोलेस्टीस हिस्लोपी. नावाच्या पहिल्या भागात दख्खन, आणि दुसऱ्या भागात एकोणिसाव्या शतकात नागपूर परिसरातील जीवाश्म अभ्यासणारे स्टीफन हिस्लॉप.

(२६)
म्हणून मित्रहो, पुढच्या वेळी एखाद्या संग्रहालयात डायनासोरच्या सांगाड्यासमोर उभे राहाल, तेव्हा त्याच्या पायापाशीही नजर टाका. कोपऱ्यातल्या लहान पेटीत, भिंगाखाली, मोहरीएवढे दात ठेवलेले असतील. बहुतेक प्रेक्षक तेथे थांबत नाहीत.
तुम्ही थांबा. आपल्या कुळाची फाटलेली पाने त्या पेटीत आहेत, आणि ती जुळवण्यासाठी कोणीतरी आयुष्यभर वाळूत रांगले आहे.

(धागा समाप्त)